चंदेरी अस्तराचं घोंगडं

इचलकरंजीतल्या ज्या लहानशा प्रयोगशाळेत मी काम करते, तिथं दिवसभर कापडाचे तुकडे येत असतात. ‘शंभर टक्के सुती’ म्हणून आलेल्या तुकड्याचा धागा पेटवला की तो वितळून गोळी होतो. पक्क्या रंगाचं म्हणून आलेलं कापड पहिल्याच धुण्यात बादली लाल करतं. पंचवीस वर्षं मी हेच बघते आहे. त्यामुळे कुणी कापडाबद्दल काही सांगितलं की ‘हे खोटं असणार’ हाच विचार आधी मनात येतो, आणि हळूहळू माणसांच्या बाबतीतही तसंच होऊन बसलंय. माझी मुलगी म्हणते, “आई, तू भाजीवालीकडे बघतेस तेव्हा तिला घाम फुटतो.”

डिसेंबर संपता संपता आमच्याकडे एक जाड पाकीट आलं. आत वीतभर तुकडा होता. एका अंगाला काळं, खरबरीत, मेंढीच्या लोकरीचं घोंगडं; दुसऱ्या अंगाला चंदेरी मुलामा दिलेलं पातळ कापड. दोन्ही थर बारीक, घट्ट टाक्यांनी एकत्र शिवलेले. सोबत वहीचा कागद:

“सायेब, सोबत तुकडा धाडला हाय. ह्ये आंगावर घेतल्यावर गरमी बघनाऱ्या कॅमेऱ्यात मानूस दिसतं का न्हाई, येवढंच कळवा. कुनाला सांगू नका. गया.”

‘कुनाला सांगू नका’ याखाली दोन रेघा मारलेल्या.

आमच्याकडे असा एक कॅमेरा आहे. पिस्तुलासारखा, हातात धरायचा. त्याला उजेडाशी देणंघेणं नाही, तो ऊब बघतो. गरम वस्तू पडद्यावर पिवळीधमक दिसते, गार वस्तू निळीकाळी. मी तो तुकडा डाव्या तळहातावर ठेवून कॅमेरा रोखला. माझा तळहात गायब. नुसती पाच बोटांची टोकं कडेनं जळत होती, मधे काळोख. अर्ध्या तासानं बघितलं, तरी पुसटशी निळसर छटा, बाकी काही नाही. इतकं चांगलं रोखणारं कापड मी क्वचितच पाहिलं होतं.

मालक म्हणाले, “कॅमेऱ्यापासून लपायचंय कुणाला? चोराला, नाहीतर शिकाऱ्याला. पोलिसांना कळवू या का?”

माझ्याही मनात तेच होतं. त्यात आणखी एक शंका होती: एवढं भारी कापड वहीच्या कागदावर पत्र लिहिणाऱ्या बाईकडे आलं कुठून? कुठल्यातरी सरकारी गोदामातून पळवलेलं तर नसेल? पत्राखालचा फोन नंबर लावला तर बंद. पत्ता नाही. तुकडा ज्या पिशवीत गुंडाळला होता तिच्यावर मात्र दिंद्रुडच्या एका कापड दुकानाचं नाव छापलेलं होतं. माझी आठ दिवसांची रजा शिल्लक होती. “आधी मी बघून येते,” मी म्हणाले. मालकांनी कॅमेराही दिला, शंभर सूचना करून.

दिंद्रुड

जानेवारी सरत आला होता. बीडला उतरून तेलगावमार्गे दिंद्रुडला पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. स्टँडसमोरच्या हॉटेलात पोऱ्यानं नव्हे, खुद्द मालकानं येऊन विचारलं, “सुशीला देऊ का?”

मी म्हटलं, “कोण सुशीला?”

सगळं हॉटेल हसलं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, कांदा-मिरची-शेंगदाण्यांचा चमचमीत नाष्टा, हे मला बशी समोर आल्यावर कळलं. आमच्याकडे चुरमुरे भडंगाला, कोरडे आणि कुरकुरीत. भिजलेले चुरमुरे म्हणजे खराब झालेले, असा माझा समज. पहिला घास संशयानंच घेतला. दुसरी बशी मी स्वतःहून मागितली.

कापड दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. दुकानदार पन्नाशीचा, गुबगुबीत, कपाळाला अष्टगंध. मी तुकडा पुढे केला आणि विचारलं, “हे चंदेरी कापड तुमच्याकडचं का?”

“कावून?” म्हणजे ‘का?’. “तुमी कोन?”

“इचलकरंजीहून आलेय.”

“तिकून कावून आलाव?”

तो मला टॅक्सवाली समजला. चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला, आणि तासभर प्रत्येक प्रश्नावर “बगू की”, “इचारावं लागंल” एवढंच म्हणत राहिला. आमच्याकडे दुकानदार नको असलेल्या माणसाला सरळ वाटेला लावतो. इथं चहा पाजून दमवतात. शेवटी मी पत्र काढलं. त्यानं ते वाचलं, सही बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

“गयाबाईचं हाय व्हय,” तो म्हणाला. आत जाऊन कापडाचा एक तागा घेऊन आला. “ह्ये बगा. चोरीबिरीचं न्हाई. भट्टीपुडं काम करनाऱ्या लोकांचे अंगरखे करत्यात ह्याचे. शिल्लक माल व्हता, गठ्ठ्यात आला.”

ताग्याच्या टोकाला चाचणीची चिठ्ठी चिकटवलेली होती. उष्णतेचे किरण परतवण्याचा गुण उत्तम, असं तिच्यावर लिहिलेलं. खाली आमच्या प्रयोगशाळेचा पत्ता, आणि सही माझी.

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. गयाबाईला आमचा पत्ता कुठून मिळाला हेही कळलं. ज्या कापडाला मी चोरीचा माल समजत होते, ते माझ्याच हातून पास होऊन इथं आलं होतं.

दुकानदार आता जरा मोकळा झाला. गयाबाई दिंद्रुडला नांदायला आलेली. नवरा वारला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती कडा गावाजवळच्या वस्तीवर धाकट्या भावाकडे राहते. शिवणकाम करते. दिवाळीनंतर सासरच्या एका लग्नघरी आली होती, तेव्हा हे कापड घेऊन गेली. “भाऊ मेंढरामागं असतो, म्हनली. माळावर लई थंडी. घोंगड्याला आतून लावते.”

“मग ‘कुणाला सांगू नका’ कशाला?”

त्यानं तागा गुंडाळायला घेतला. “पुडं जे झालं ते तिलाच इचारा ताई. मी न्हाई बोलनार.”

म्हणजे काहीतरी झालं होतं.

लिंबागणेश

बीडहून दुसऱ्या दिवशी निघालेली एसटी लिंबागणेशला येऊन आचके देत थांबली. कंडक्टरनं खाली उतरून, वाकून, चाकाकडे बघून जाहीर केलं की दुसरी गाडी येईपर्यंत गणपतीचं दर्शन घ्या. दर्शन झालं. देवळासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले, आणि रिकामपणात मी कॅमेरा काढून तो नीट चालतोय का ते बघायला लागले. टपरीवरची किटली पिवळीजर्द दिसत होती, बाकाखाली झोपलेला कुत्रा नारिंगी. एक शेळी बघितली, तर तिची शिंगंसुद्धा मुळाशी उबदार.

मान वर केली तेव्हा भोवती दहाबारा माणसं उभी होती.

“ये बे, इकडं ये. ह्या बाईच्या हातात काय हाय बग.”

“ड्रोनवाली हाय का काय?”

“कोन गाव तुमचं? नाव काय? कुनाच्या तुमी?”

आमच्याकडे आडनाव विचारायलाही माणूस जरा वेळ घेतो. इथं एका दमात कुळापर्यंत पोचले. इतक्यात पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ आले. सगळ्यांनी वाट करून दिली. गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना नाना म्हणत होते. त्यांनी माझं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, “ताई, राग मानू नका. मागं आमच्या भागात आभाळात ड्रोन फिरायले व्हते. लाल-हिरवे दिवे लावून. लोक म्हनायले, घरं हेरत्यात, मेंढरं मोजत्यात, अन् मंग चोऱ्या करत्यात. गावोगाव पोरं काट्या घेऊन जागलेत.”

“चोर सापडला का कुणी?”

“न्हाई. पन भ्या मातर सापडलं. ते काय जाईना.”

मी कॅमेरा त्यांच्याच हातात दिला. नानांनी आधी आपला हात बघितला, मग चहावाल्याचं टक्कल. टक्कल भलतंच तेजस्वी निघालं. हशा पिकला. एक म्हातारी गर्दीतून पुढे आली आणि गुडघा पुढे करून म्हणाली, “ह्यात आग व्हती माय रातंदिस. दिसती का बग.” दुखरा गुडघा दुसऱ्यापेक्षा खरंच थोडा पिवळा होता. मी तसं सांगितल्यावर तिनं सगळ्यांकडे फिरून बघितलं. “म्या सांगत व्हते तर कुनी खरं धरंना!” मग तिनंच घरून दही आणि धपाटे आणले, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

तरी कुणीतरी तेवढ्यात माझा फोटो काढला होताच. दुसरी गाडी आली तेव्हा मी ते विसरूनही गेले.

कडा

कड्यात उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे होते आणि हवेत मळीचा आंबूस वास होता. तिथून वस्ती तीनेक किलोमीटर. शेवटचा तुकडा चालत गेले. उजवीकडे ज्वारी निसवलेली, डावीकडे उघडाबोडका माळ, आणि माळ जिथं संपतो तिथं घळींनी चिरलेले डोंगर. लपायला उत्तम जागा, असं माझ्या मनात आलं.

घराच्या ओट्यावर शिवणयंत्र होतं आणि यंत्रामागे पंचावन्नच्या आसपासची, काटकुळी, चष्मा लावलेली बाई. गयाबाईच. मी ठरवून खोटं बोलले, “घोंगडी मिळतात असं कळलं. एखादं घ्यायचं होतं.”

तिनं पायंडल थांबवलं. बाजूला पडलेला भावाचा फोन उचलून माझ्यासमोर धरला. लिंबागणेशच्या टपरीवर कॅमेरा रोखून बसलेली मी. खाली लिहिलेलं: ‘सावध राहा.’

“सकाळीच आलाय तुमचा फोटू,” ती म्हणाली. “आता खरं सांगा.”

मी तिचं पत्र काढलं. तिनं ते झडप घालून घेतलं, चोळीत खुपसलं आणि घराच्या दाराकडे बघितलं. “हळू बोला. सायेब येतील आसं वाटलं न्हवतं. चिठ्ठी येईल वाटलं व्हतं.”

“पत्रावर पत्ता नव्हता, आणि फोन बंद होता.”

“पत्त्याचं ध्यानात आलं न्हाई. मपला फोन मीच बंद ठिवलाय. घरात कुनी उचलला तर?”

दाराच्या आत, खाटेवर एक माणूस बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. हा भाऊ, भानुदास. त्याच्या मांडीवर चादर होती आणि चादरीखाली एकाच पायाचा आकार. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

“काय झालं पायाला?” मी विचारलं.

“पडलो,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

इतकं तुटक उत्तर. शिकारीला गेला असेल, झटापट झाली असेल, मी मनात गोष्ट रचायला लागले होते. तेवढ्यात मेंढरांचा आवाज आला. चाळीसेक मेंढरं वाड्यात लोटून एक बाई आत आली. भानुदासची बायको मंगल. वारा बोचरा होता आणि तिच्या अंगावर विरलेली सुती चादर. ओठ काळे पडले होते. तिनं माझी चौकशी केली, बाजरीची भाकरी थापली, ठेचा वाढला. सगळं मन लावून. पण गयाबाईशी ती एक अक्षर बोलली नाही. “मीठ कुटं हाय?” असं तिनं मडक्याला विचारलं, आणि गयाबाईनं मिठाचा डबा मुकाट्यानं सरकवला.

चार वाजता गयाबाई मला म्हणाली, “चला, हुरडा खायला.” शेजारच्या रानात गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत, तळहातावर चोळून कोवळे दाणे माझ्या ओंजळीत टाकत तिनं सांगितलं.

डिसेंबर लागताच एके दिवशी भानुदास मेंढरं घेऊन डोंगराकडे गेला होता. संध्याकाळी मेंढरं एकटीच परत आली. लोक हाका मारत फिरले, पण घळींपर्यंत पोचायच्या आत अंधार पडला. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत तालुक्याहून ड्रोन आणला, गरमी बघणाऱ्या कॅमेऱ्याचा. ड्रोन घळीवरून दोनदा फिरला. त्यात काही दिसलं नाही. मग सगळा शोध पलीकडच्या बाजूला वळला. भानुदास घळीतच होता, दगडाखाली पाय अडकून. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी एका शेळ्यावाल्याला सापडला. दोन रात्री गेल्या होत्या. पाय काळा पडला होता, दवाखान्यात कापावा लागला.

“त्या ड्रोनवाल्यानं इचारलं, आंगावर काय व्हतं? मी घोंगडं दावलं. त्यानं अस्तर बगितलं अन् म्हनला, मावशी, ह्यानं झाकलं तुमच्या भावाला. मंगल तितंच उबी व्हती.” तिनं आरातलं कणीस परतलं. “तवापासून ती माज्याशी बोलंना. तिचं काय चुकलं? मपल्या हातानं शिवलं मी. ह्ये खरं हाय का, येवढंच मला कळाय पायजे. खरं असंल तर मी जाते दिंद्रुडला. तिच्या डोळ्यापुडं कावून ऱ्हावं?”

ओंजळीतले दाणे गार झाले. चोर, शिकारी, पळवलेला माल, सगळं मी एकाच पत्रावरून रचलं होतं. आणि आता जे विचारलं जात होतं त्याचं उत्तर मला माहीत होतं. माझा तळहात त्या तुकड्याखाली गायब झालेला मी स्वतः पाहिला होता. कापडाच्या चिठ्ठीवरची सही माझीच होती.

“उद्या पहाटे पूर्ण घोंगडं बघू,” मी म्हणाले. “तुकड्यावरून सांगत नाही मी.”

हे मी वेळ काढायला म्हणाले, पण ते खरंही होतं.

वस्तीवर, दुसरी सकाळ

पहाटेची वेळ मुद्दाम धरली. जमीन रात्रभर गार होते आणि माणसाची ऊब उठून दिसते. ड्रोनही अशाच वेळी फिरला होता. घराबाहेर दव पडलेलं, पूर्व नुकती फिकी होत होती. मंगल वाड्याच्या दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

“खरं सांगनार का?” तिनं मला विचारलं.

“तुम्हीच बघा,” म्हणून मी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि कळ दाबायची कुठं ते दाखवलं.

गयाबाईनं पेटीच्या तळातून घोंगडं काढलं. भानुदास घ्यायचा तशी मी तिला त्याची खोळ करायला सांगितली: डोक्यावरून घेऊन खांद्यांवर सोडलेली, पुढे मोकळी. मग तिला दगडांच्या रांगेशी कुशीवर निजवलं. मंगल ओट्यावर चढून वरून बघायला लागली. मी तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते.

पाठ नव्हती, कंबर नव्हती. लोकर बाहेरून दगडाइतकीच गार. पण चेहरा पिवळाधमक होता. दोन्ही हात कोपरापर्यंत, आणि घोंगड्याबाहेर आलेली पावलं निखाऱ्यासारखी.

“दिसतीय की,” मंगल पुटपुटली.

मी गयाबाईला उताणं व्हायला सांगितलं. छाती उजळली. पालथं पडायला सांगितलं. पाय उजळले. पाय पोटाशी घ्यायला सांगितलं. तरी तोंड दिसत होतं. पाच-सहा तऱ्हांनी बघितलं. घोंगडं मोठं होतं, पण अंगावर सहज घेतलं तर काही ना काही उघडं राहतच होतं.

“मंग ड्रोनला कावून दिसला न्हाई मानूस?” मंगलनं विचारलं.

इथं मी गप्प बसू शकले असते. अजूनही कधीकधी वाटतं, बसायला हवं होतं. पण पंचवीस वर्षांची सवय. मी गयाबाईला म्हणाले, “आता पाय आत ओढून घ्या. हात आत. तोंडावरून घ्या आणि आतून कडा मुठीत धरून ठेवा.”

तिनं तसं केलं. पडदा निळाकाळा झाला. दगडांच्या रांगेत एक दगड वाढल्यासारखा.

“पण असं नकळत होत नाही,” मी म्हणाले. “असं मुद्दाम घ्यावं लागतं.”

माझ्या मागे काठी आपटल्याचा आवाज झाला. भानुदास कुबडीवर दारात उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. गयाबाईनं तोंडावरचं घोंगडं काढलं. तिघीही त्याच्याकडे बघत होतो, आणि मी कशी बघत होते ते मला माहीत आहे. भाजीवालीकडे बघते तशी.

“मीच वढून घेतलं,” तो म्हणाला.

गयाबाई उठून बसली.

“पाय अडकलेला. रातभर थंडी, डोस्कं फिरलेलं. अन् वरून आवाज आला. लाल-हिरवा दिवा. मला वाटलं, चोरायचं ड्रोन हाय. मेंढरं नेनार, अन् मला हितं गाटून मारनार. मी सगळं आंगावर वढलं, दात आवळून गप पडलो. ते गेलं. पुन्ना आलं. पुन्ना मी गप.” त्यानं दाराची चौकट धरली. “शुद्दीवर आल्यावर समदे म्हनायले, घोंगड्यानं झाकलं, आक्काच्या अस्तरानं झाकलं. मी म्हनलं, आसू दे. मानूस भ्याला, अन् भिऊन सोताचा पाय घालवला, ह्ये कसं सांगावं? मेंढक्याच्या पोटी जलमलो मी.”

गयाबाई उठली. दव लागून तिचं लुगडं ओलं झालं होतं. ती त्याच्याजवळ गेली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली, एक, दोन, तीन. तोल जाऊन तो पडेल असं वाटलं, तेव्हा तिनंच त्याला धरलं आणि मग सोडलं नाही. “भानू, आरं, दोन म्हैने,” ती एवढंच म्हणत होती. “दोन म्हैने रं.”

मंगल ओट्यावरून उतरली. कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि वाड्याकडे गेली. बराच वेळ ती तिथं पाठमोरी उभी राहिली. मग परत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“तुमी एक शबुद बोलला असता तर,” ती म्हणाली. “मी वन्संला उपाशी निजताना बगितलं अन् जेवा म्हनले न्हाई. ह्ये माज्याकून करून घेतलं तुमी.”

तो मान खाली घालून उभा होता. तिनं माफ केलं नाही. चुलीकडे गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “वन्सं, च्या घ्या.” मडक्याला नव्हे, सरळ गयाबाईला.

चहा पिताना मंगलनं मला विचारलं, “ताई, अस्तर नसतं तर?”

“मी डॉक्टर नाही,” मी म्हणाले. “पण अंगाची ऊब बाहेर जाऊ न देणं, तेच त्याचं काम. कॅमेऱ्यापासून झाकतं ते त्याच गुणानं. डिसेंबरातल्या दोन रात्री उघड्या घळीत काढायच्या होत्या. त्यानं ऊब धरली असणार.”

भानुदास कपाकडे बघत होता. गयाबाईनं कात्री आणली आणि अस्तराच्या टाक्यांना लावली. “ऱ्हाऊ दे, फाडून टाकते. नगं घरात.”

“फाडू नका,” मंगल म्हणाली. “मेंढरामागं आता मी जाते. मला थंडी वाजती. मला पायजे ते.”

“अन् तू पडलीस तर? भेली तर?”

“भेईन की. समदेच भेत्यात.”

मला तेव्हा सुचलं ते सांगितलं. लाल-पिवळी चिंधी लावून कॅमेऱ्याला काही कळत नाही, त्याला रंग दिसत नाही. पण पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, वीतभर जागेतून लोकर आणि अस्तर दोन्ही कापून काढलं आणि तिथं जुन्या लुगड्याचं एकपदरी कापड लावलं, तर तेवढ्यातून ऊब बाहेर पडेल. कशीही गुंडाळून पडली तरी तो चौकोन दिसेल. फक्त उताणी पडली तर नाही.

“मंग पोटाकूनबी एक करू,” गयाबाई म्हणाली आणि शिवणयंत्राला तेल घालायला बसली.

मी त्या दिवशी निघणार होते, पण राहिले. ते काम बघायचं होतं. दुपारभर पायंडल खटखटत होतं. मंगल मेंढरं शेजारच्याकडे सोपवून घरीच थांबली आणि कापड ताणून धरत राहिली. दोघी फारसं बोलल्या नाहीत. “हितं धर”, “जरा ढिल्लं सोडा”, एवढंच. भानुदासनं स्वतःहून फोन लावला, त्या ड्रोनवाल्याला. ओट्याच्या टोकाला पाठ करून बोलत होता, त्यामुळे काय बोलला ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर त्यानं तोंड धुतलं. संध्याकाळी मंगलनं मला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची, आमटी जेवू घातली, इतकी तिखट की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणी विचारलं नाही.

मालकांचा फोन आला. “काय निघालं? कळवायचं का पोलिसांना?”

“नाही,” मी म्हणाले. “अहवाल मी येऊन लिहिते. चिठ्ठीत एक ओळ वाढवावी लागेल आपल्याला: हे कापड अंगाला शिवायचं असेल तर थोडी जागा उघडी ठेवा.”

“का?”

“आल्यावर सांगते.”

निघताना

तिसऱ्या दिवशी फटफटताना मंगलनं घोंगडं अंगावर घेतलं. पाठीवर फिक्या निळ्या लुगड्याचा चौकोन. गयाबाईनं तो हातानं चाचपला, एक दोरा दातानं तोडला. मंगल मेंढरं हाकत माळाला लागली. थंडी अशी होती की माझी बोटं कॅमेऱ्याच्या कळीवर वळत नव्हती.

मी कॅमेरा तिच्या दिशेनं धरला. चाळीस मेंढरं म्हणजे पडद्यावर अंधुक ठिपके, त्यांनाही लोकरच. आणि त्यांच्या मागे, निळ्याकाळ्या माळावर, एक छोटा पिवळा चौकोन हलत चालला होता. टेकाड चढताना तो बारीक होत गेला.

मागून कुबडीचा आवाज आला. भानुदास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं पडद्याकडे बघितलं नाही, माळाकडेच बघत राहिला. तिथं अजून अंधार होता.

“दिसतीय का?” त्यानं विचारलं.

“दिसतेय,” मी म्हणाले.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.